कोणाकडची गं तू?

धुळ्यातल्या वाद्यांच्या दुकानात पाऊल ठेवलं की "काय जोयजे?" हा दुसरा प्रश्न असतो. पहिला असतो, "कोणाकडच्या तुम्ही?" गाव, आडनाव, सासर-माहेर सांगून झालं आणि त्यातून एखादा सामाईक व्याही किंवा जुना मास्तर निघाला, की स्टूल पुढे येतं, फडक्याखालची पेटी उघडते आणि समोरच्या टपरीकडे दोन चहांची खूण जाते. काहीच निघालं नाही तर पेटी फडक्याखालीच राहते आणि किंमत आधी ऐकू येते.

ब्रिग्जसाहेबाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखलेल्या या शहरात गल्ल्यांना नंबर आहेत. इतक्या शिस्तीच्या गल्लीत आबांचं दुकान मात्र कुठलीच शिस्त मानत नाही. छताला ढोलक्या टांगलेल्या, खाली टाळांचे जोड दोरीत ओवलेले, कोपऱ्यात बँडवाल्यांची दुरुस्तीला आलेली पितळी वाद्यं आणि मधोमध गुडघ्यांत पखवाज धरून आबा. गिऱ्हाईक आलं म्हणून ते वर बघत नाहीत. वादी ओढताना लक्ष गेलं तर ताण सुटतो, हे खरं. पण वादी ओढत नसतानाही ते बघत नाहीत, हेही खरं.

वाद्य कधी मिळेल असं विचारलं की उत्तर एकच, "सकाय या." ही सकाळ कोणत्या महिन्यातली, ते विचारायचं नसतं. लग्नसराईत बँडवाले, आषाढीआधी दिंडीतली भजनी मंडळं, श्रावणात कानबाई देवीच्या गाण्यांसाठी ढोलक्या, पाठोपाठ गणपती. त्या गर्दीतून आपल्या पेटीचा नंबर लागायचा. एप्रिल-मे तर तबलेवाल्यांचाच. आमच्याकडचा पारा पंचेचाळिसाकडे सरकला की चामडं आवळतं, सूर न सांगता चढतो, आणि तबल्याची एखादी चामड्याची पुडी ठेवल्या जागी तडकते. पावसाळ्यात तीच माणसं उलटी तक्रार घेऊन येतात, की सूर टिकत नाही. आबा दोन्ही तक्रारी सारख्याच चेहऱ्याने ऐकतात. म्हणजे ऐकतात असं आपण धरून चालायचं.

माझ्या पेटीची मधल्या सप्तकातली एक पट्टी किंचित खाली बोलायला लागली होती. आबांनी वरची फळी काढली, भाता दाबून ती एकच पट्टी बराच वेळ वाजत ठेवली आणि शेजारच्या पट्ट्यांशी ताडून पाहिली. ना यंत्र, ना मोबाइलमधलं ॲप. मग रीड उचलून धरली आणि पात्याच्या टोकाशी ब्लेडने अगदी हलकं खरवडलं. पितळी पात्याचं टोक हलकं झालं की सूर चढतो. बुडाशी खरवडलं की उतरतो. शास्त्र एवढंच, पण हात जरा जास्त चालला तर रीड बाद, आणि चांगल्या रीडसाठी नजर थेट गुजरातेत, पालिताण्याकडे जाते. काम झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"गातं कोण?"

"मी."

"म्हणा."

भर दुपारी, बाहेर सायकली लावलेल्या, चहावाला पोरगा दारात उभा, आणि मी एक ओळ म्हटली. आबा म्हणाले, "तुम्ही काळी चारवर गाता. पाचवर ओरडता." आणि पुन्हा पखवाज ओढून घेतला. म्हणजे माझा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर लागतो, पाचवीवर ताणावा लागतो. या सल्ल्याचे पैसे लागले नाहीत. चार दिवस राग आला, मग चारवर गायला लागले.

आकाशवाणीने १९४० मध्ये या पेटीला दार बंद केलं आणि ते उघडायला १९७१ उजाडलं. आबांच्या वडिलांचं दुकान त्या काळातही व्यवस्थित चाललं, कारण खेड्यापाड्यातल्या भजनी मंडळांना दिल्लीतल्या त्या बंदीचा पत्ताच नव्हता. ही मंडळं म्हणजे आबांचं खरं गिऱ्हाईक. पखवाज न्यायचा आणि कापूस निघाला की पैसे द्यायचे. वहीत गावाचं नाव, मंडळाच्या म्होरक्याचं नाव, बस्स. कापूस बुडाला तर पान पुढच्या वर्षीच्या वहीत जातं. कुठल्या बँकेचा माणूस कुठल्या आकड्यावर हे कर्ज मंजूर करील?

आणखी एक गोष्ट आबा करतात, जी दुसऱ्या कुठल्या दुकानात मी पाहिली नाही. ते गिऱ्हाईक घालवतात. तानपुरा हवा म्हटलं तर म्हणाले, "माझ्याकडून घेऊ नका. मिरजेला जा, सतारमेकर गल्लीत." मागच्या पिढीपासून ओळखीच्या एका कारागिराचं नाव बिलाच्या मागे लिहून दिलं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आबांना ती बातमी सांगितली, तर ते म्हणाले, "मग मी काय सांगत होतो?"

इथवर वाचून कुणाला वाटेल की आता मी मॉलमधल्या चकचकीत दुकानांना नावं ठेवणार. तसं सोपं नाही ते.

एकदा मी तिथे स्टुलावर बसलेले असताना शिरपूरच्या वरच्या अंगाचा, सातपुड्यातला एक मुलगा आला. कीबोर्ड बघायचा होता. "कोणाकडचा तू?" त्याने पाड्याचं नाव सांगितलं. आबांना त्या पाड्यात कोणी ठाऊक नव्हतं. त्यांनी कीबोर्ड काढलाच नाही, किंमत सांगितली. मुलगा थोडा वेळ काचेतून बघत राहिला आणि गेला. आबा वाईट माणूस नाहीत. भजनी मंडळाला वर्षभर उधार देणारा माणूस वाईट कसा असेल? पण ज्या प्रश्नाने मंडळाला पखवाज मिळतो, त्याच प्रश्नाने त्या मुलाच्या बोटांना पट्टी लागली नाही. माझ्या हातात आबांनी सांगितलेला चहा होता. तो मला तेवढ्यापुरता गोड लागला नाही.

कॅसेटच्या दिवसांतही हेच होतं. कोरी साठ मिनिटांची कॅसेट आणि कागदावर गाण्यांची यादी दुकानदाराला द्यायची, तो भरून द्यायचा. कायद्यात बसत नव्हतं, पण सगळं गाव तेच करत होतं. आमच्याकडचा दुकानदार रसिक. दोन गाणी एकमेकांशेजारी शोभत नाहीत म्हणून क्रम बदलायचा, एका बाजूला तीन मिनिटं उरली तर स्वतःच्या पसंतीचं काहीतरी घालून द्यायचा, आणि ते बहुतेक वेळा यादीपेक्षा बरं असायचं. फक्त यादीत काय होतं हे संध्याकाळपर्यंत वडिलांना कळलेलं असायचं. अठराव्या वर्षी मुलगी कोणत्या गझला भरून घेते, यावर घरात चर्चा व्हावी इतकं काही त्या गझलांत नव्हतं.

म्हणून १९९९ मध्ये मुंबईत प्लॅनेट एम हे गाण्यांचं मोठं दुकान निघालं आणि मावशीकडे गेले असताना तिथं पाऊल ठेवलं, तेव्हा गाण्यांच्या ढिगापेक्षा मला दुसरंच काहीतरी आवडलं. हेडफोन कानाला लावून कितीही वेळ उभं राहावं, आणि कोणीही विचारत नाही. मी काय ऐकते ते माझ्या दोन कानांपुरतं. पुढे ती साखळीही आटोपली. काळ्या घोड्याजवळचं ऱ्हिदम हाऊस, जे कुणाची शाखा नव्हतं, तेही २०१६ मध्ये बंद झालं. गाणी फोनमध्ये गेली तेव्हा ओळखीचं दुकान कोणतं आणि अनोळखी कोणतं, हे कुणी पाहिलं नाही.

वाद्यं मात्र फोनमध्ये जात नाहीत, त्यामुळे हा मामला वाद्यांच्या दुकानांत अजून जिवंत आहे.

मागच्या वर्षी भाचीला गिटार घ्यायची म्हणून नाशिकला एका मोठ्या साखळीच्या दुकानात गेलो. थंडगार हवा, भिंतभर गिटारी, गळ्यात ओळखपत्र घातलेला मुलगा. "वेलकम मॅडम." मी सहज म्हटलं, काळी चारला जरा बरी बोलणारी पेटी आहे का? त्याने टॅबलेटवर शोधलं आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "मॅडम, ब्लॅकमध्ये चार पीस नाहीत, ब्राऊनमध्ये दोन आहेत." भात्याचं चामडं बदलून मिळेल का, हे विचारल्यावर त्याने कुणाला तरी फोन लावला. दुरुस्ती होत नाही, पण बिल असेल तर सात दिवसांत पेटीच बदलून मिळेल. मला आधी हसू आलं. मग वाटलं, सात दिवस म्हणजे सात दिवस. इथे "सकाय" नाही.

आणि भाचीकडे पाहिलं तर ती एका स्टुलावर बसून वाजवत होती. दुसऱ्या पोराने भिंतीवरची गिटार उतरवून, सुरात लावून तिच्या हातात दिली होती. मग दुसरी. मग तिसरी, तिला न परवडणारी. "बसा, वाजवून बघा," एवढंच. कोणाकडची, शिकायला कुठे जाते, लग्नानंतर वाजवणार का (हा शेवटचा प्रश्न आबांनी तिला खरोखर विचारला होता, प्रेमाने), यातलं काही नाही. मला शिरपूरकडचा तो मुलगा आठवला. इथे त्यालाही हेच वाक्य ऐकू आलं असतं.

मला वाटतं, फरक काही अंशी वाद्यांतच आहे. त्या भिंतीवरच्या गिटारी कारखान्यातल्या. एका मॉडेलच्या दोन गिटारी जवळजवळ सारख्या, तारांचे आकडे ठरलेले, खोक्यावर सगळं छापलेलं. विकणाऱ्याला तुमची ओळख लागत नाही आणि त्या वाद्याचीही फारशी लागत नाही. दोन पेट्या मात्र सारख्या बोलत नाहीत. एकाच कारागिराच्या दोन डग्ग्यांची घुमक वेगळी. तिथे वाजवणारा कोण, गळा कसा, घर पत्र्याचं की स्लॅबचं, हे विचारल्याशिवाय आबांचं पान हलत नाही. वाद्याविषयीची ती चौकशी माणसाच्या जातकुळीपर्यंत कधी सरकते, हे त्यांना कळतही नसावं.

गिटार घेतली. घरी पोचायच्या आत भाचीच्या फोनवर संदेश आला, आमच्या प्रतिनिधीला किती तारे द्याल? तिने पाच दिले. मी मनात आबांना देऊन पाहिले. दीडवर अडले.

महिन्याभरात तिची पहिली तार तुटली. नाशिकच्या दुकानात सुटी तार मिळत नाही, सहा तारांचा संच घ्यावा लागतो. ती गल्लीत गेली. आबांनी डब्यातून सुटी तार काढली, पैसे घेतले आणि मग, आवाज जरा खाली आणून, कोपऱ्यातल्या दोन गिटारी दाखवल्या. हल्ली पोरं मागतात म्हणून आणून ठेवल्यात, पण "मना कान पेटीना शे," त्या सुरात कशा लावायच्या ते येत नाही. तिने तिथेच स्टुलावर बसून दोन्ही लावून दिल्या. आबा पखवाज बाजूला ठेवून बघत होते, हे तिने घरी आल्यावर दोनदा सांगितलं.

आता ती दर पंधरवड्याला जाऊन गिटारी सुरात लावते आणि तिला एक तार फुकट मिळते. दुसरी हवी असेल तर पैसे पडतात. मध्ये तिने अट घातली, की दुकानात कोणी गिटार किंवा कीबोर्ड बघायला आलं की आधी हातात द्यायची, चौकशी नंतर. आबा म्हणाले, "सकाय सांगस."