सातात मी नाही

पासपोर्ट साइजचे फोटो पर्समधून जसेच्या तसे परत आले. कुणी मागितलेच नाहीत.

1860 च्या संस्था नोंदणी कायद्याला सात माणसं पुरतात, हे अण्णांच्या नावाचं मंडळ नोंदवायच्या कालच्या बैठकीत मीच सांगितलं. सांगायचा अवकाश, नावं भराभर पडली. अध्यक्ष ते ठरलेलेच, सचिव तो, महिला म्हणून त्यांची सून. मी वहीत उतरवून घेत होते. सातव्या नावाखाली रेघ मारली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

"तुम्ही काय, घरच्याच," अध्यक्ष म्हणाले. हो ना.

रात्रभर तेच चाललंय. नाव नाही याचं वाईट वाटतंय, की कुणाला आठवलंच नाही याचं? मुद्दाम वगळलं असतं तर चांगली भांडले असते. भांडायला समोर कुणीतरी लागतं. इथे कुणाच्या मनातच काही नव्हतं.

उद्दिष्टांमधून 'राजकीय' काढून टाका, कटकट नको, असंही एकाने सुचवलं. त्याच कायद्याच्या कलम 20 मध्ये राजकीय शिक्षणाचा प्रसार हे उद्दिष्ट सरळ लिहिलेलं आहे. वाचून दाखवल्यावर गप्प बसला. मंडळ अण्णांच्या नावाचं आणि राजकारण नको! मग नुसती झाडंच लावायची तर... जाऊ दे.

अण्णांचं राजकारण तरी काय होतं? अठरा पूर्ण झालेलं पोर दिसलं की गल्लीतच अडवून मतदार नोंदणीचा नमुना 6 भरून घ्यायचा. मतदार यादी आली की एकेका ओळीवर बोट ठेवून घरं वाचायची: कोण गळलं, कोणाचं नाव दोनदा पडलं. त्या यादीतून त्यांचंच नाव कमी करायचा नमुना 7 परवा मी भरला. कारण : मृत्यू. तेव्हा बरी सगळ्यांना मी आठवले होते.

अण्णा असते तर... नको. ते स्वतः कुठल्या समितीवर होते, हे आठवायला गेले तर एकही नाव सुचेना.

दुपारी सचिवांचा फोन. कार्यकारिणीची यादी दरवर्षी दाखल करावी लागते, हे त्यांना आज कळलं. "दरवर्षी?" असा काही स्वर लागला की मला हसूच फुटलं. सह्या, प्रतिज्ञापत्रं, खेटे, सगळं सातांच्या डोक्यावर. मी आपली साधी सभासद, वर्गणी भरली की मोकळी. कालपासून पहिल्यांदाच जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग ते मुद्द्यावर आले. "अर्ज तेवढे तुम्हीच लिहा ना, तुमचं अक्षर छान आहे."

लिहीन म्हटलं. फक्त रविवारी नमुना 6 च्या टेबलावर कोण बसणार, ते सातांनी आधी ठरवून कळवा.

पलीकडे बराच वेळ सामसूम. मग म्हणाले, "आवाज तुटतोय तुमचा."