अलाबामातले नागरी हक्कांचे खटले पाहायला जाताना: टस्कीगी, मॉन्टगोमेरी, सेल्मा

अलाबामाला जायचं ते बुधवार ते शुक्रवारात. मॉन्टगोमेरीतलं लेगसी म्युझियम (गुलामगिरी आणि वंशभेदाच्या इतिहासाचं) सोमवार-मंगळवारी बंद असतं आणि फेडरल कोर्ट शनिवार-रविवारी. लाँग वीकेंड गाठून अटलांटाहून निघणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं. संग्रहालयं होतात, कोर्ट राहून जातं आणि या गावात पाहण्यासारखं सगळ्यात मोठं काही असेल तर ते कोर्टच आहे.

अटलांटाहून आय-85 महामार्गाने मॉन्टगोमेरी साधारण 160 मैल, म्हणजे अडीच तास. अलाबामात शिरताच घड्याळ एक तास मागे जातं. तो तास टस्कीगीला द्या. तिथे बहुतेक जण दुसऱ्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय वैमानिकांचं स्मारक बघून पुढे निघतात. पण 1957 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने या चौकोनी गावाची हद्द कातरून 28 बाजूंची आकृती केली होती. गावातल्या सुमारे 400 कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे हद्दीबाहेर गेले, गोरा मतदार मात्र एकही गेला नाही. याविरुद्धचा दावा खालच्या कोर्टाने सुनावणीविनाच फेटाळला होता. 1960 मध्ये गोमिलियन विरुद्ध लाइटफूट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निर्णय फिरवला. निकालपत्राच्या शेवटी जुन्या-नव्या हद्दीचा नकाशा जोडलेला आहे. तो छापून न्या, कारण जमिनीवर हद्दीची खूण काही दिसत नाही.

मॉन्टगोमेरीत सुरुवात रोझा पार्क्स म्युझियमपासून करावी. बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला म्हणून 1 डिसेंबर 1955 ला त्यांना अटक झाली ती याच जागी. दंड 10 डॉलर, वर कोर्टखर्च 4 डॉलर. त्यानंतर कृष्णवर्णीयांनी शहराच्या बसवर टाकलेला बहिष्कार 381 दिवस चालला, हे सगळ्यांना पाठ असतं. तो संपला कशाने, हे विचारलं की गाडी अडते. तो संपला बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या ब्राउडर विरुद्ध गेल या खटल्याने, आणि त्यात रोझा पार्क्स वादी नव्हत्याच. वकील फ्रेड ग्रे यांनी त्यांना मुद्दाम बाहेर ठेवलं. त्यांचा फौजदारी खटला राज्याच्या न्यायालयात चालू होता, त्यात गुंता झाला असता तर घटनेचा मूळ प्रश्न बाजूला पडला असता. अखेरपर्यंत टिकलेल्या वादी चार: ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅक्डोनल्ड, मेरी लुईझ स्मिथ आणि मार्च 1955 मध्ये, रोझा पार्क्सच्या नऊ महिने आधी, अटक झालेली 15 वर्षांची क्लॉडेट कॉल्विन.

आता चर्च स्ट्रीटवरच्या फ्रँक एम. जॉन्सन कोर्टाकडे चला. इमारत 1933 ची. आजही इथे कोर्ट भरतं, त्यामुळे फोटो असलेलं ओळखपत्र हवंच. फोन आणि कॅमेरा आत नेता येईल असं गृहीत धरू नका, गाडीतच ठेवा. जुनं न्यायदालन बघायचं असेल तर आधी फोन करून विचारा. सुनावणी चालू असेल तर मागच्या बाकावर गप्प बसावं लागतं. राज्याचा कायदाच घटनाबाह्य ठरवून मनाई हुकूम मागितला, की त्या काळी तीन न्यायाधीशांचं पीठ बसे आणि अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जाई. म्हणून ब्राउडरचा 1 फेब्रुवारी 1956 चा दावा 5 जूनला 2 विरुद्ध 1 असा निकाली निघाला आणि 13 नोव्हेंबरला वॉशिंग्टनने त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच दिवशी इकडे राज्याच्या न्यायालयाने बहिष्कारवाल्यांच्या सामायिक मोटारींवर बंदी घातली होती. तो आदेश महिनाभर आधी आला असता तर बहिष्काराचे हाल झाले असते.

कोर्टाला लागूनच जुनं ग्रेहाउंड बसस्थानक आहे, आता फ्रीडम राइड्स म्युझियम. 20 मे 1961 ला इथे फ्रीडम रायडर्सना, म्हणजे वर्णभेद मोडायला बसने एकत्र निघालेल्या काळ्या-गोऱ्या प्रवाशांना, मारहाण झाली. इमारत छोटी आहे, तासाभरात होते. डेक्स्टर अॅव्हेन्यूचं विटांचं चर्च आतून बघायला आधी वेळ ठरवावी लागते. मार्टिन ल्यूथर किंग इथे 1954 ते 1960 पाद्री होते. 1959 च्या भारतभेटीत ते मुंबईत मणिभवनात राहिले होते.

लेगसी म्युझियमला निदान तीन तास ठेवा. आत फोटो काढू देत नाहीत. त्यांचंच लिंचिंगबळींचं, म्हणजे जमावाने ठार मारलेल्या कृष्णवर्णीयांचं, स्मारक उघड्या टेकडीवर आहे, 800 हून अधिक पोलादी स्तंभांचं. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी तिथे जाऊ नका, विशेषतः आईबाबा बरोबर असतील तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी थेट सेल्मा गाठा आणि मग 1965 च्या मतदानहक्काच्या मोर्चाच्या दिशेने, म्हणजे सेल्माहून मॉन्टगोमेरीकडे, परत या. उलटं केलं तर क्रम कळत नाही. हायवे 80, अंतर 54 मैल. पेट्रोल, पाणी, खाणं मॉन्टगोमेरीतच घ्या. शाकाहारी असाल तर डबाच बरा. गाडी सेल्माच्या बाजारपेठेत लावून एडमंड पेटस पूल पायी ओलांडा. पूल मध्यभागी इतका उंच आहे की माथ्यावर पोचेपर्यंत पलीकडचं टोक दिसत नाही. 7 मार्च 1965 ला मोर्चेकऱ्यांना पोलिसांची रांग दिसली ती त्या माथ्यावरून, आणि पोलिसांनी त्यांना मारहाण करून मागे लोटलं. त्यानंतर दहा दिवसांनी, 17 मार्चला, ज्यांचं नाव मॉन्टगोमेरीच्या कोर्टाला आहे त्या न्यायाधीश जॉन्सन यांनी मोर्चाला परवानगी दिली. निकालाला मोर्चेकऱ्यांची योजना जोडलेली आहे, ती वाचून जा: दोन पदरी रस्त्यावर जास्तीत जास्त 300 माणसं, रात्रीचे मुक्काम, अन्नाची सोय, फिरती शौचालयं, कचरागाड्या, रुग्णवाहिका. हक्क मागताना एवढा बारीक हिशेब द्यावा लागला होता.

परतीच्या वाटेवर मुक्कामाच्या जागांच्या पाट्या लागतात. जागा खासगी आहेत, कुंपणाच्या आत शिरू नका. रस्ता आता चौपदरी आणि वेगाचा आहे, तेव्हा पाटी दिसली म्हणून एकदम ब्रेक मारू नका. पुढे जाऊन दुभाजकातल्या वळणावरून मागे या. लाउन्स काउंटीतलं नॅशनल पार्क सर्व्हिसचं केंद्र साधारण अर्ध्या वाटेवर आहे. स्वच्छतागृहासाठी तिथेच थांबा. सेल्मातल्या जुन्या इमारतींची दुरुस्ती अधूनमधून चालू असते, म्हणून काय उघडं आहे ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. त्याच संध्याकाळी अटलांटाहून विमान पकडायचं असेल तर जाताना मिळालेला तास परत द्यावा लागतो, तेव्हा दुपारी एकच्या आत सेल्मा सोडा.