आमची वाटचाल : झोंबत नाही ते मलम

प्रदर्शनात आमच्या स्टॉलवर बायका डबीचं झाकण उघडून आधी वास घेतात, मग बोटभर मलम मनगटाला लावतात आणि म्हणतात, "एवढंच? बाजारातलं कसं झोंबतं बघा." मग मी आमच्या पेपरमिंटच्या मलमाची तीच सगळी कथा पहिल्यापासून सांगायला लागते. घसा बसतो. म्हणून म्हटलं, यंदा एकदा लिहूनच काढावी.

सुरुवात 2016 च्या वारीतली. आमचे मामंजी तेव्हा दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर चालायचे. पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरली की लोणंदला मुक्काम असतो. आम्ही साताऱ्याहून पिठलं-भाकरी घेऊन त्यांना भेटायला जायचो. त्या वर्षी गेलो तर राहुटीत मामंजी पाय पसरून बसलेले आणि शेजारचे दोघे माळकरी त्यांच्यापुढं तळहात पसरून. मामंजींजवळ अमृतधारेची बाटली होती. पिपरमिंटचं फूल, ओव्याचं फूल आणि कापूर एका बाटलीत घालून ठेवलं की पाण्याचा थेंबही न घालता तिन्हींचं पाणी होतं, ती अमृतधारा. त्यातले चार थेंब खोबरेल तेलात टाकून ते तळव्यांना चोळायचे आणि मागेल त्याला द्यायचे. मला म्हणाले, "सूनबाई, हे जरा घट्ट करून दे की. पिशवीत सांडतंय सगळं, अभंगाची वही तेलकट झाली."

मी बीएस्सी, केमिस्ट्री घेऊन. पदवी मिळाल्यावर वीस वर्षांत तिचा उपयोग मुलांच्या दहावीपुरता झाला होता. पण घट्ट कसं करायचं ते पुस्तकात नव्हे, माहेरी बघितलं होतं. माझं माहेर चिपळूणकडचं. टाचांना भेगा पडल्या की आई मुठेल लावायची. कोकमाच्या बियांचं हे तेल थंडीत दगडासारखं असतं आणि टाचेवर घासलं की अंगाच्या उबेनं विरघळतं. पुढच्या खेपेला कुंभार्ली घाट चढून आले ती दोन किलो मुठेल घेऊनच. मेण महाबळेश्वरकडचं, मधमाशीचं. तेल करडईचं, घाण्यावरचं. आणि थंडाव्याला पिपरमिंटच्या फुलाऐवजी पेपरमिंटचं तेल घ्यायचं ठरवलं. फुलात नुसता मेंथॉल असतो, गार पण कोरडा. तेलाच्या वासाला मागं एक हिरवी गोडी असते.

पहिल्या दिवशी मेण गॅसवरून उतरवलं आणि लगेच पेपरमिंटचं तेल ओतलं. मेण वितळतं 62 ते 64 अंशांना, मी तर ते चांगलं चुरचुरेपर्यंत तापवलं होतं. सगळं पेपरमिंट वाफ होऊन डोळ्यांत. कांदा परवडला. सासूबाई अंगणात जाऊन बसल्या आणि संध्याकाळचा स्वयंपाक शेजारणीकडं झाला. तेव्हापासून पातेल्याच्या कडेनं साय धरायला लागली की मगच तेल घालायचं, भराभर ढवळायचं आणि डब्यांत ओतायचं. आमच्याकडं थर्मामीटर आता आहे, पण कामाला असलेल्या वहिनी अजून सायच बघतात.

त्या वेळी किलोला पन्नास ग्रॅम तेल घालत होते, म्हणजे पाच टक्के. जास्त घातलं की जास्त चांगलं, असं माझंही मत होतं. डिसेंबरात आमच्या ह्यांनी आंघोळीनंतर पायांबरोबर पाठ, छाती, दंड, जिथं हात पोचला तिथं ते मलम चोळलं. दहा मिनिटांनी दोन रजया अंगावर आणि दात कडाकडा वाजताहेत. मी घाबरून ताप बघितला, काहीच नाही. अंग नेहमीसारखं गरम होतं आणि आत माणूस गारठलेला.

त्याच आठवड्यात मी बसून नीट वाचून काढलं. मेंथॉल कातडी थंड करत नाही. कातडीतल्या नसांवर गारवा ओळखणारी दारं असतात, टीआरपीएम-8 नावाची. ती एरवी थंडी पडल्यावर उघडायची, मेंथॉल ती उन्हाळ्यातही उघडतं. मेंदूला वाटतं गार पडलं. मिरचीचं तिखट लागतं तेही अशाच दुसऱ्या एका दारानं. ही दारं शोधण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं, आर्डेम पटापूटियन यांच्याबरोबर. बातमी आली तेव्हा मी ह्यांना म्हटलं, तुमच्या रजयांचा शोध लागला एकदाचा.

मग माप उतरायला लागलं. पाचाचे तीन टक्के झाले, तिनाचे दोन. पायाच्या मलमाला आज दोनच टक्के आहे, कारण तळव्याची कातडी जाड. अंगाच्या तेलात एक. चेहऱ्याच्या उटण्यात काहीच नाही. मुलतानी मातीत दोन थेंब टाकून विकलं असतं तर खपही जास्त झाला असता. गार लागलं की चेहरा स्वच्छ झाला असं वाटतं, पण वाटणं आणि होणं यात फरक आहे. शिवाय वॅक्सिंग किंवा दाढी केलेल्या, आधीच चिडलेल्या कातडीला हेच तेल आग लावतं. त्या पदार्थात ते नाहीच घालायचं, यावर मी आणि माझी पुतणी दोघी भांडून एकमत झालो.

आता तेलाची गोष्ट. सगळ्यात जास्त पैसे आमचे इथंच बुडाले.

लोक विचारतात, पुदिन्याचंच ना तेल? नाही. चटणीला आपण वापरतो तो पुदिना निराळा, त्यात मेंथॉल जवळजवळ नसतं. हे मला माझ्या जाऊबाईंनी शिकवलं, नकळत. कोरेगावला त्यांच्या विहिरीकडेला पुदिना माजला होता. पाच किलो पाला आणला, प्रेशर कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी लावून वाफ गार पाण्यातून नेली. दिवसभराच्या खटाटोपात बाटलीभर सुगंधी पाणी आणि वर तरंगणारे मोजून काही थेंब. वास चटणीचा. कातडीला लावलं तर गार म्हणून काही नाही. पेपरमिंट हा दोन पुदिन्यांचा संकर आहे, पाणपुदिना आणि चटणीचा पुदिना यांचा. त्याला बी धरत नाही, मुळ्या तोडून लावतात. थंड हवेत, लांब दिवसांत तो चांगला येतो. अमेरिकेत वायव्येकडं ऑरेगॉन-वॉशिंग्टनला त्याची मोठी शेती आहे.

आपल्या देशात उत्तर प्रदेशात बाराबंकी, संभल भागात जो हजारो एकर 'मेंथा' होतो, तो तिसराच, जपानी पुदिना. मेंथॉलसाठी त्याच्यासारखं पीक नाही आणि त्यात जगात आपणच पुढं आहोत. त्याच्या तेलात मेंथॉल सत्तर-ऐंशी टक्के, पेपरमिंटच्या तेलात साधारण तीस ते पंचावन्न. वाईट कुठलंच नाही. तक्रार एवढीच की एकाच्या नावावर दुसरं विकू नये.

2018 मध्ये एका व्यापाऱ्याकडून पाच लिटर 'शुद्ध पेपरमिंट' घेतलं. भाव चांगला मिळाला म्हणून मी आठवडाभर खूश होते. बाटलीतलं थोडं तेल फ्रिजमध्ये ठेवलं होतं, सकाळी बघते तर आत सुयांसारखे लांब लांब खडे. मेंथॉल बाहेर आलं होतं. फोन केला तर म्हणे, ताई, हेच तर शुद्धतेचं लक्षण. पुढचा व्यापारी जास्त हुशार निघाला. त्याच्या तेलात खडे धरले नाहीत, कारण आधीच मेंथॉल काढून घेतलेलं तेल होतं ते. फ्रिजची परीक्षा तिथं नापास झाली. शेवटी पुण्याला प्रयोगशाळेत नमुना पाठवून जीसी रिपोर्ट काढला, म्हणजे तेलात कुठला घटक किती त्याची यादी. खऱ्या पेपरमिंटमध्ये मेंथोफ्युरान नावाचा घटक थोडा तरी दिसतो, जपानी पुदिन्यात तो नसल्यासारखाच. आमच्या रिपोर्टात त्या ओळीसमोर काहीच नव्हतं. तेव्हापासून बॅचचा रिपोर्ट आल्याशिवाय पैसे सोडत नाही. तीन लिटर उरलेलं ते तेल फरशी पुसायला वापरलं. वर्षभर आमचं घर पानपट्टीसारखं दरवळत होतं.

एक चूक मात्र व्यापाऱ्याची नव्हती, माझी होती. उन्हाळ्यासाठी गुलाबपाण्यात पेपरमिंट टाकून फवारा केला. तेल पाण्यात मिसळत नाही हे केमिस्ट्रीवालीला सांगायची गरज नव्हती, तरी 'हलवून वापरा' एवढं लिहून मी मोकळी झाले. कोण हलवतं? वर तरंगलेलं तेल एका ग्राहक मुलीच्या डोळ्यांत गेलं. तिच्या आईनं फोनवर जे सुनावलं ते योग्यच होतं. उरलेल्या बाटल्या परत मागवल्या. तेल पाण्यात धरून ठेवणारा पॉलिसॉर्बेट वापरून तो पुन्हा करता आला असता, पण चेहऱ्यावर फवारायच्या वस्तूत पेपरमिंट नको, असंच मी ठरवलं. लहान मुलांबाबत तर आम्ही डबीवरच लिहितो. बाळाच्या नाकाजवळ, छातीला हे मुळीच लावायचं नाही, श्वास अडखळू शकतो. आजी लोकांना हे पटवणं अवघड जातं. सर्दी झाली की त्यांचा हात आधी डबीकडं.

परवान्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आणि फेऱ्या जास्त. पहिली काही वर्षं ओळखीत विकत होतो. मग कुणीतरी जाणत्यानं सांगितलं, विकायचं असेल तर एफडीएचा, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. 2020 चे सौंदर्यप्रसाधनांचे नवे नियम आले होते. स्वयंपाकघर चालेना, एमआयडीसीत छोटा गाळा भाड्यानं घेतला, भिंतींना टाईल्स, वेगळी पॅकिंगची खोली. माहितगार माणूस देखरेखीला हवा होता, तिथं माझी पदवी एकदाची कामाला आली. खरा फटका लेबलांना बसला. 'सांधेदुखीवर रामबाण' असं छापलेली दोन हजार लेबलं रद्दीत गेली. प्रसाधन म्हणून परवाना घ्यायचा तर दुखणं बरं होतं असं म्हणता येत नाही, तो औषधाचा दावा होतो. आता नुसतं लिहितो, 'पायांना चोळण्यासाठी'.

2020 आणि 2021 ला पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आमचं निम्मं मलम आषाढातच खपायचं. त्या काळात गाळ्याचं भाडं अंगाच्या तेलानं आणि थोडंफार माझ्या बांगड्यांनी भागवलं. पुढं वारी सुरू झाली, शिवाय साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला येणारी पोरं यवतेश्वरचा घाट उतरून आली की पोटऱ्यांना लावायला मागायला लागली. आता आम्ही चौघीजणी आहोत. उन्हाळ्यात मेण थोडं वाढवतो, नाहीतर कुरियरच्या गाडीत डबीचं तेल होऊन जातं.

मामंजी आता ब्याऐंशीचे आहेत, चालणं थांबलंय. तरी लोणंदला गाडीनं नेतो, राहुटीत बसून ते आमच्या डब्या वाटतात. गेल्या वर्षी मी जवळ गेले तर एक डबी घाईघाईनं पाठीमागं सरकवली. उघडून बघितली. मलमात मधोमध काडीनं खड्डा केलेला आणि त्यात अमृतधारेचे चार थेंब.

"तुझं जरा मवाळ पडतंय, सूनबाई," म्हणाले.