आमची वाटचाल : आरपार गेलेल्या तुकड्यानंतर

दोन संगणक, भाड्याचे एक सॉफ्टवेअर लायसन्स आणि लेथवर हात बसलेले एक भागीदार, एवढ्या बळावर आमची कंपनी सुरू झाली. आघाताने धातू कुठे ताणला जाईल आणि कुठे फाटेल, हे चाचणीआधी सांगणे हेच आमचे काम.

तिसऱ्या वर्षी कंपनी बंद पडायची वेळ आली. यंत्राचा निखळलेला तुकडा ॲल्युमिनियमचे कवच अडवील, असा अहवाल आम्ही दिला आणि चाचणीत तुकडा आरपार गेला. कवचातून बूच कापावे तशी गोल चकती निघाली. धातू केव्हा तुटेल हे सांगणाऱ्या, जॉन्सन-कुक यांच्या १९८५ च्या फ्रॅक्चर मॉडेलचे स्थिरांक आम्ही केवळ ताणचाचण्यांवरून काढले होते. त्यांत ट्रायॲक्सिॲलिटी (धातू सर्व बाजूंनी किती ओढला जातो हे सांगणारे गुणोत्तर) एक-तृतीयांशाच्या खाली येत नाही, कर्तनात (चकतीच्या कडेला होते तसे धातूचे थर एकमेकांवरून सरकताना) मात्र ती शून्याजवळ असते, आणि तिथे तुटण्याच्या विकृतीचा, म्हणजे तुटेपर्यंत धातू किती ताणला जातो त्या प्रमाणाचा, आमचा वक्र नुसता वर चढत गेला होता. कर्तनात तुटण्याची विकृती उलट कमी असू शकते, हे बाओ आणि विएर्झबिकी यांनी २००४ मध्ये २०२४-टी३५१ या ॲल्युमिनियमवर दाखवले होते. ते वाचलेले असूनही आम्ही कर्तनाचा नमुना तपासला नाही, ही चूक आमचीच.

त्यानंतर जे घडले ते मात्र आजही सलते. चाचणीचा निकाल हाती आल्यावर एका प्रतिस्पर्ध्याने तुटण्याच्या विकृतीचा एकच आकडा चित्र जुळेपर्यंत खाली ओढला आणि ते चित्र भाकीत म्हणून मांडले. ग्राहक तिकडे गेला. संगणकात कवचाचे जे छोटे तुकडे पाडतात, त्या जाळीतील एलिमेंटचा आकार बदलला की असा आकडा निकामी होतो, हे सांगणारे आमचे टिपण कोणी वाचलेही नाही.

एका जुन्या ग्राहक कंपनीतील डिझाइन प्रमुख बाईंनी तेवढा विश्वास ठेवला. कवचाच्याच बॅचमधली प्लेट त्यांनी पाठवली. आमच्या भागीदारांनी तिच्यातून खाचेचे आणि कर्तनाचे नमुने स्वतः कापले, खाचेची त्रिज्या प्रत्येक वेळी प्रोजेक्टरवर तपासून घेतली. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी मटेरियल कार्ड (धातूच्या गुणधर्मांचे सॉफ्टवेअरला दिलेले आकडे) कुठून आले, कोणत्या उष्णता-प्रक्रियेच्या धातूचे आणि किती मिलिमीटरच्या एलिमेंटवर जुळवलेले, हे आधी विचारावे. अवरग्लास ऊर्जा (एलिमेंटांची खोटी वेडीवाकडी हालचाल रोखण्यात गणितात खर्ची पडलेली ऊर्जा) आणि तुटले म्हणून गणितातून पुसल्या गेलेल्या एलिमेंटांचे वस्तुमान अहवालात लिहावे, मग रंगीत चित्रे लावावीत.

नवे भाकीत आम्ही चाचणीच्या आदल्या दिवशी बाईंकडे बंद पाकिटात दिले. या वेळी चकती संगणकातही निघाली होती. तिचा बाहेर पडतानाचा वेग आमच्या अंदाजापेक्षा थोडा जास्त भरला, आणि तो फरक अंतिम अहवालाच्या पहिल्याच पानावर आहे.