पापणीच्या घडीतून गाठ काढली, माझा अनुभव

मागच्या दिवाळीत कापूस वेचता वेचता जाऊ म्हणे, बाई तुझा डावा डोळा बाहेर आल्यासारखा दिसते वं. मी म्हटलं झोप नसंल झाली. आमच्या दारव्ह्याकडे डोळा म्हटलं की थेंब, तर चार महिने थेंबच टाकले, मग थायरॉईड तपासला तर तोही नॉर्मल. शेवटी नागपूरला सीटी न् एमआरआय झाला तेव्हा कळलं का डोळ्यामागचं हाडच जाड झालंय, मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ. बहुतेक वेळा कॅन्सर नसते म्हणाले, पण गाठ म्हटल्यावर पुढचं कोण ऐकते.

त्यात डॉक्टर म्हणाले डोळ्याच्या खोबणीतून ऑपरेशन करू. सासूबाई तिथंच रडायला लागल्या, "डोळा काढतेत का वं माय!" खरं सांगते, मीही तेच समजले होते. मग डॉक्टरांनी (मेंदूचे वेगळे, डोळ्याचे वेगळे, दोघं मिळून करतात हे) मला डोळा मिटायला लावला अन् पेनच्या टोपणानं वरच्या पापणीच्या घडीवर रेघ ओढली, म्हणे इथून आत. डोळा काढत नाहीत, जरासा खाली न् नाकाकडे सरकवून वाट करतात, दुर्बिणीतून बघत ते जाड हाड ड्रिलनं घासतात, अन् मधे मधे डोळ्यावरचा दाब सोडतात. नाहीतर कानापुढून कापून कवटी उघडावी लागते. सगळ्यांनाच ही वाट चालत नाही, गाठ कुठं बसली त्यावर आहे.

जास्त ताप तर कागदांनी दिला. महात्मा फुले योजनेत बसायचं तर आधारवर सासरचं नाव न् रेशनकार्डावर माहेरचं, आमच्या यांनी तहसीलच्या इतक्या चकरा मारल्या की एसटीचा कंडक्टर ओळखायला लागला.

ऑपरेशननंतर पापणी वांग्यासारखी सुजली, काळीनिळी, चार-पाच दिवस उघडेचना, पहिल्या रात्री तर सिस्टर घडीघडी पापणी उचलून टॉर्च मारायची, झोप कशाची. महिनाभर दोन-दोन दिसायचं. रिपोर्ट ग्रेड 1 आला, म्हणजे कॅन्सर नाही. नसेजवळचा थोडा भाग मुद्दाम सोडलाय, म्हणून दरवर्षी एमआरआय आहे.

व्रण आता घडीत लपला, डोळाही आत बसला. पण कपाळाची डावी बाजू अजून बधिर आहे, टिकली लावली तर अर्धी कळते अर्धी नाही. परवा वावरात कुठं पडली पत्ता नाही, घरी आल्यावर सासूबाईंनीच सांगितलं.