दिवाळीच्या सुट्टीत होतं का

‘पिशवी काढायला किती पैसे लागतात. दिवाळीच्या सुट्टीत होतं का.’

वहीच्या पानाच्या चतकोरावर शिसपेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळी. प्रश्नचिन्हं नाहीत. पिशवी म्हणजे गर्भाशय. नववीच्या मुलींनी प्रश्न टाकायच्या खोक्यातून निघालेली ही चिठ्ठी. तिच्यावर मी इतक्यांदा विचार केलाय, की आता एकदा लिहूनच काढते.

मी बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक आहे. माझ्या दारावर ‘मैत्री क्लिनिक’ असा बोर्ड आहे. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींनी यावं आणि मनातलं मोकळेपणाने बोलावं, अशी त्यामागची कल्पना. पण खोली आहे एक्स-रेच्या शेजारी, आणि बाहेरच्या बाकावर सकाळी अर्धा तालुका बसलेला असतो. त्या बाकासमोरून कोण मोकळेपणाने आत येईल? येतात ते चेहऱ्यावर पुटकुळ्या आलेले मुलगे, नाहीतर आईने दंडाला धरून आणलेल्या मुली. म्हणून शाळेत जावं लागतं, आणि खरं काम तिथेच होतं.

त्या महिन्यात वरून फॉर्म आला होता. विद्यार्थ्यांना प्रजनन व लैंगिक आरोग्याची किती माहिती आहे आणि कशाची हवी आहे, हे पाहायचं होतं. फॉर्म ज्याने तयार केला त्याने नववीचा वर्ग बऱ्याच वर्षांत आतून पाहिला नसावा. पहिलाच प्रश्न, ‘लैंगिक शिक्षण म्हणजे काय?’ एका मुलीने सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलं होतं, ‘पुल्लिंगी, स्त्रीलिंगी व नपुंसकलिंगी शब्द ओळखण्याचे शिक्षण.’ ते वाचून आधी हसले, मग लक्षात आलं की तिचं काहीच चुकलेलं नाही. आयुष्यात लिंग हा शब्द तिला मराठीच्या तासालाच भेटलाय, तोही नामाला लागून. ‘असुरक्षित संबंध’ म्हणजे काय, याला तिघींनी ‘भावकीत भांडण असणे’ असं उत्तर दिलं. आणि एचआयव्ही कशाने होतो, याची चारही कारणं जवळजवळ सगळ्यांची बरोबर! का नसतील? ती प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर रंगवलेली आहेत. फॉर्मच्या गुणांवरून त्या शाळेची माहितीची पातळी ‘चांगली’ निघते. हे असं सगळीकडेच निघत असणार.

म्हणून मी खोका नेते. फॉर्ममध्ये त्याला जागा नाही, ही माझी वेगळी खटपट आहे. बुटाचा खोका, वरून फट पाडलेला. पण खोका ठेवला आणि ‘विचारा काय ते’ म्हटलं, की त्यात काही पडत नाही. पहिल्या वर्षी सहा शाळांतून मी कोऱ्या चिठ्ठ्या आणल्यात. मग हळूहळू शिकत गेले. कागद सगळ्यांना एकाच वहीचा, एकाच मापाचा, आणि तो मी द्यायचा. पेन नाही, पेन्सिल, कारण निळ्या शाईत एकीचंच जांभळं पेन असतं आणि वर्गाला ते माहीत असतं. पेन्सिली मी आणते, सगळ्या सारख्या, टोक करून. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येकीने लिहायलाच हवं. जिला काही विचारायचं नाही तिने ‘सुट्टी कधी आहे’ असं लिहायचं. सगळ्यांचे हात हलत असले की खरं विचारणारीचा हात उठून दिसत नाही. चिठ्ठीला दोनच घड्या, कारण चार घड्या घालणारी लगेच ओळखू येते. खोका वर्गात उघडायचा नाही. शिक्षकांनी बाहेर थांबायचं. हे शेवटचं म्हणजे दर वेळी एक लढाई असते.

ती चिठ्ठी ज्या शाळेतली, तिथले मुख्याध्यापक तसे भले गृहस्थ. २००७ साली महाराष्ट्रासकट काही राज्यांनी शाळांतला हा अभ्यासक्रम थांबवला, तेव्हा ते नवे शिक्षक होते. प्रशिक्षणाला गेले, चित्रांचा संच घेऊन आले, आणि तो तसाच कपाटात कुलूपबंद झाला. ‘मॅडम, त्या कपाटाची किल्ली पण हरवली,’ असं म्हणून ते हसले. दहावीच्या विज्ञानात आता प्रजननसंस्था आहे, आर्तवचक्र आहे. तो पाठ कसा शिकवता विचारलं, तर म्हणाले, ‘आकृती काढून आणायला सांगतो.’ आकृत्या फार सुंदर असतात, हेही पुढे सांगितलं. मी काय बोलणार? आमच्याकडेही कागदोपत्री ‘जीवनकौशल्य’ असंच लिहितात. तो दुसरा शब्द तोंडाने उच्चारायचा झाला, तर साहेबलोकही आधी खाकरून घेतात. र. धों. कर्व्यांनी याच विषयावर १९२७ साली मराठीत मासिक काढलं होतं. शंभर वर्षं होत आली, आमचं खाकरणं अजून संपलेलं नाही.

मुलगे दुसऱ्या वर्गात होते, शाळा तपासणीच्या पथकातल्या डॉक्टरांकडे. बाळाच्या छातीला नळी लावून हृदयातलं छिद्र ओळखणारा हा माणूस, पण पंधरा वर्षांच्या पोरांपुढे उभा राहिला की ‘संयम ठेवा, व्यायाम करा’ एवढ्यावरच गाडी थांबवतो. तरी खोका त्यांनी नीट फिरवला. चौतीस चिठ्ठ्यांत नऊ जणांना एकच धसका: झोपेत पाणी गेलं की ताकद जाते का. एकाला विचारायचं होतं, रस्त्याकडेला तंबूत बसणाऱ्या वैद्याच्या गोळ्या घ्याव्या का. आणि एकाने लिहिलं होतं, ‘लग्न केल्याशिवाय कोयता मिळतो का.’

हा प्रश्न बाहेरच्यांना कळायचा नाही. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि त्याला फारसं कोणी धरत नाही. हंगामाच्या तोंडाला आमच्याकडे लग्नं का लागतात, त्यातलं एक कारण हे. अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात २१.९ टक्के होतं. बीडचं चाळीसच्या वर.

मुलींच्या एकतीस चिठ्ठ्या. ‘सुट्टी कधी आहे’ अकरा. ‘एमसीत पापडाला हात लावला तर खरंच लाल पडतात का.’ ‘सण आला की आई पाळी पुढं ढकलायची गोळी देते, सारखी घेतली तर चालते का.’ ‘अंगावर पांढरं जातं, कॅन्सर आहे का.’ हे सगळं दर वर्षीचंच, उत्तरं पाठ आहेत. आणि मग ती.

परतताना गाडीत मी ती डॉक्टरांना वाचून दाखवली. ते म्हणाले, आईसाठी विचारलंय. सुट्टीत पोरगी घरी असते, स्वयंपाक-धुणं बघेल, आई पडून राहील, असा हिशोब. मलाही आधी तेच वाटलं होतं. मग वाटलं, दिवाळीच्या सुट्टीत आया घरी असतातच कुठे? दसरा झाला की ऊसतोडीला निघणाऱ्यांचे ट्रक भरायला लागतात. मग सुट्टी कुणाची, तर शाळेत जाणारीची. डॉक्टर म्हणाले, ‘चौदा वर्षांच्या पोरीची पिशवी कोण काढील? अक्षर जुळवून बघा फॉर्मशी, कळेल कोणाची ते.’ फॉर्म मागच्याच सीटवर होते. मी गठ्ठ्याची गाठ सोडली नाही. वर्गात मी शब्द दिला होता, की कुणाची कोणती हे कधीच शोधणार नाही.

आमच्याकडे पिशवी काढणं ही काही गुपचूप बोलायची गोष्ट नाही. दाढ काढली तसं सांगतात. २०१९ साली हे बाहेर गाजलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहात एक. पांढरं जातं म्हणून गेलेल्या बाईला गोळ्यांऐवजी कॅन्सरची भीती घालून टेबलावर घेतलेलं मी स्वतः ऐकलंय, त्या बायकांच्याच तोंडून. पुढे खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं भाग पडलं. पण ज्या पोरीच्या घरात आई, मावशी, चुलती अशा तिघींची काढलेली आहे, तिला पिशवी हा अवयव वाटत नाही. बायकांना वयात आल्यावर करावं लागणारं एक काम वाटतं. तसा प्रश्न कुठल्या फॉर्ममध्ये असतो?

विषय वर्गात काढण्याआधी त्यांच्या वर्गशिक्षिकेशी बोलावं म्हणून मी फोन केला. चिठ्ठीचा मजकूर सांगितला नाही, फक्त पिशवीबद्दल बोलणार आहे एवढंच म्हणाले. बाई थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, ‘माझी बत्तिसाव्या वर्षी काढली. आता गुडघ्याने जिना चढवत नाही.’ बाई पगारदार, नवरा पगारदार, ऊस त्यांनी रसवंतीवरच पाहिलेला. आणि लगेच, ‘मॅडम, कुणी विचारलं असेल ते मला वाटतं माहितेय. सांगू का?’

‘नको, सांगू नका,’ मी म्हणाले.

हेच मी उलटून पालटून बघतेय. नियम म्हणून बरोबर होतं. एका चिठ्ठीचं नाव फुटलं, तर पुढच्या वर्षी एकतीसच्या एकतीस चिठ्ठ्या सुट्टी विचारतील. पण खरं सांगायचं, तर मला तेव्हा थोडं हायसंही वाटलं होतं. नाव नाही म्हणजे घरभेट नाही, आईबापाशी वाद नाही.

शाळेचा एकत्रित फॉर्म भरताना ‘विद्यार्थ्यांना कोणत्या विषयावर माहिती हवी’ याखाली पाच पर्याय होते. मी सहाव्या ‘इतर’वर खूण केली आणि लिहिलं: गर्भाशय काढण्याचे परिणाम. दोन दिवसांनी तालुक्यावरून फोन. ‘मॅडम, इतरचा रकाना एक्सेलमध्ये नाही. वरच्यातलं काहीतरी टाका ना.’ मी म्हटलं, तुम्हीच टाका. त्यांनी ‘मासिक पाळीतील स्वच्छता’ टाकलं असावं. ते कुठेही बसतं.

आठवड्याने जायचं ठरलं होतं. मध्ये कुष्ठरोग शोधमोहीम लागली, गाडी तिकडे गेली, मग दसरा आला. पोचले तेव्हा तीन आठवडे झाले होते. पटावर एकतीस, वर्गात एकोणीस.

फळ्यावर पिशवी काढली. मूठ मिटून दाखवली, एवढीच असते. दोन बाजूंना बीजकोश, तेही काढले तर उतारवयात येणारी रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. ठेवले तरी ती लवकर येऊ शकते. पैशांचा प्रश्न होता, म्हणून पैशांचंही सांगितलं. खरंच गरज असेल तर सरकारी दवाखान्यात होतं. खासगीत वीस-तीस हजार सांगतात, ते उचलीतून जातात, आणि ते फेडायला आणखी एक हंगाम. मुलींनी लिहून घेतलं. माझं मला बरं चाललंय असं वाटायला लागलं होतं.

तिसऱ्या बाकावरची एकजण उठली. ‘मॅडम, पाळीत खाडा पडला की मुकादम पाचशे कापतो. पिशवी काढली की खाडा पडत नाही.’ बंड म्हणून नाही, तक्रार म्हणूनही नाही. गणित मांडावं तसं. मी दुखण्याच्या गोळ्या, कापड, धुणं-वाळवणं असं काय काय सांगायला लागले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘कोपीवर पाणीच नसतं,’ आणि खाली बसली. कोपी म्हणजे ऊसतोडीवरची झोपडी. खाली बसली ती मला संपवून नाही, माझी अडचण होऊ नये म्हणून, असं मला वाटलं.

तास संपल्यावर बाई फाटकापर्यंत आल्या. ‘तुम्ही नको म्हणालात म्हणून बोलले नाही. ती आज नव्हती वर्गात.’

‘कुठं गेली?’

‘कर्नाटकात, कारखान्यावर. आईबाप जातातच, या वर्षी तिलाही नेली.’

मग मी नाव विचारलं. बाईंनी सांगितलं. घरी फक्त आजी आहे, आणि आजीकडून मुकादमाचा नंबर मिळाला. तो माझ्या फोनमध्ये आहे. त्याला फोन लावून नेमकं काय विचारायचं, ते अजून ठरत नाहीये.