कामाच्या पाळ्यांचं गाव आणि आमचं केंद्र: आमची वाटचाल

आमचं केंद्र सवयी बदलून आजार हटवण्याचं. तिथे औषधांचं दुकान नाही, लॅब नाही, प्रोटीन पावडरचे डबे नाहीत. त्यामुळे सुरुवातीला लोक सरळ विचारायचे, मग मॅडम, तुम्ही पैसे घेता ते कशाचे? आम्ही पैसे घेतो ते वेळेचे. पहिल्या भेटीत पाऊण तास बोलायचं, माणसाचा दिवस आणि रात्र कागदावर उतरवायची आणि मग सहा महिने त्याचा पिच्छा पुरवायचा. इचलकरंजीत कापडाचा मीटर आणि मीटरमागची मजुरी हा हिशोब पोराटोरांनाही पाठ. अशा गावात वेळ विकायला बसणं म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने शुद्ध वेडेपणा होता.

मी साधी एमबीबीएस. गावभागात जनरल प्रॅक्टिस करत होते, सकाळी अजूनही करते. पेशंटमागे चार-पाच मिनिटं मिळायची. शुगर, बीपी, पित्त, पाठदुखी, 'जीव घाबरतो', 'झोप लागत नाही'. दर दोन-तीन वर्षांनी गोळी एकाने वाढायची आणि पेशंट म्हणायचा, बरं हाय की. त्या काळात लाइफस्टाईल मेडिसिन या शाखेचं वाचन सुरू झालं. अमेरिकेत २००४ मध्ये या विषयाच्या डॉक्टरांची संघटना उभी राहिली. आहार, हालचाल, झोप, ताण, व्यसनमुक्ती आणि माणसांचा सहवास असे सहा खांब ते मानतात. हे तर आमची आजी सांगत होती, असं कुणीही म्हणेल, आणि म्हणतातच. पण आजीने मोजलं नव्हतं. कोणती सवय किती बदलली की कोणता आजार किती हटतो हे मोजायचं, डोस लिहावा तसं लिहून द्यायचं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तपासायचं, हा या शाखेचा खरा भाग आहे.

आकड्यांच्या बाबतीत मी जरा कंजूष आहे. २००२ च्या गाजलेल्या अमेरिकन अभ्यासात जीवनशैली बदललेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं होतं, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. जाहिरातींत हाच ५८ दिसतो. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या भारतीय अभ्यासात, २००६ साली, जीवनशैलीने झालेली घट २८.५ टक्के होती. आम्ही पेशंटला हा दुसरा आकडा सांगतो. आपली माणसं, आपलं शरीर, आपला आकडा. तोही काही लहान नाही.

केंद्र सुरू झालं २०१७ मध्ये, सासऱ्यांच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये. साध्या मागांचे दिवस संपत आले होते, आसपासचे कारखानदार रेपियर आणि एअरजेट या नव्या वेगवान मागांकडे वळत होते. आमचे जुने माग भंगारात गेले. त्या पैशातून फरशी, दोन खोल्या, वजनकाटा आणि पहिल्या वर्षाचे पगार निघाले. मागांच्या जागी सतरंज्या आल्या. सासरे रोज संध्याकाळी येऊन बघायचे की एवढ्या मोठ्या शेडमध्ये लोक नुसते बसून बोलतात कसे. भाडं द्यावं लागत नव्हतं म्हणून आम्ही टिकलो. दुसरं कुठलंही कारण सांगितलं तर ते खोटं ठरेल. नवरा हिशोब बघतो. पहिली दोन वर्षं तो ताळेबंद माझ्यासमोर ठेवायचा आणि काही न बोलता चहा करायला जायचा.

पावडरवाले, किटवाले, लॅबवाले यायचे. कुणी तीस टक्के देऊ म्हणायचं, कुणी तपासणीमागे कट. एकदा त्या रस्त्याला लागलं की सल्ला कुठे संपतो आणि विक्री कुठे सुरू होते हे आपलं आपल्यालाही कळेनासं होतं, असं माझं मत. त्यांना चहा पाजून परत पाठवायचं हे ठरलेलं होतं.

आता मुख्य गोष्ट. हे गाव पाळीवर चालतं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून या गावाची झोप मागाच्या ताब्यात आहे. बहुतेक कारखान्यांत बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. एक आठवडा दिवसपाळी, पुढचा रातपाळी. शरीराचं घड्याळ रातपाळीकडे वळायला लागतं न लागतं तोच पाळी बदलते. या घड्याळाच्या पेशींमधल्या यंत्रणेसाठी २०१७ चं नोबेल मिळालं, पण आमच्या जॉबरना, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना, ते आधीपासून माहीत होतं: 'रातपाळीच्या आठवड्याला पोट गच्च, डोकं जड, बायकोशी भांडण.' तीन वाक्यांत पचनसंस्था, मेंदू आणि संसार.

म्हणून आमच्याकडे आहाराचा तक्ता दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत येतो. आधी झोप. पत्र्याचं घर, एप्रिलचं ऊन, शेजारी मिक्सर, अंगणात पोरं, आणि या माणसाने सकाळी आठला झोपायचंय. त्याला 'सात तास झोप घ्या' म्हणणं म्हणजे थट्टा. मग आम्ही काय करतो? गावात कापडाला तोटा नाही. जाड कापड काळ्या रंगात रंगवून खिडकीला दुहेरी पडदा. कानात फोमचे बोळे, जे खरं तर मागावरही हवेत. कारखान्यातून घरी येताना काळा चष्मा, कारण सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की मेंदूला वाटतं दिवस सुरू झाला. मोठं जेवण पाळीवर जायच्या आधी, मध्यरात्रीनंतर हलकं काहीतरी. रात्री दोननंतर चहा बंद. ही शेवटची अट सर्वांत अवघड, कारण चहा बंद झाला की मावा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, वाढतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण कोल्हापूर-सांगली भागात मावा टपरीवर घोटून मिळतोच, आणि रातपाळीला जागं राहण्यासाठी तो लागतो असं माणसं मनापासून मानतात. त्यामुळे व्यसन सोडवणं हे आमच्याकडे झोपेच्या कामाचाच भाग आहे. आधी झोपेची बाकी चुकवायची, मग माव्याची पुडी. क्रम उलटा केला की पंधरवड्यात माणूस पुन्हा टपरीवर दिसतो. बायकांमध्ये मिश्री, म्हणजे दातांना लावायची भाजलेली तंबाखू. कांड्या भरणाऱ्या बायका पहाटे चारला उठून मिश्री लावल्याशिवाय चुलीकडे वळत नाहीत. त्यांचा गट वेगळा घ्यावा लागला, कारण पुरुषांसमोर त्या मिश्रीचं नाव काढत नाहीत.

१९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसच्या चालक-वाहकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. या न्यायाने चार-सहा माग सांभाळत रात्रभर फेऱ्या घालणारा आमचा कामगार ठणठणीत असायला हवा आणि गादीवर बसलेला कारखानदार आजारी. कारखानदार आजारी असतोच. पण कामगाराचंही पोट सुटलेलं, हातपाय काटक्या. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी हे कोडं जगासमोर मांडलं: २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापून आला, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र ब्रिटिशाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आमच्याकडे वजनकाट्याआधी टेप लागते ती म्हणून. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत, बायकांची ८०. शिंप्यासारखी टेप गळ्यात अडकवून फिरणाऱ्या आमच्या नर्सताईंना सगळं गाव 'टेपवाल्या मॅडम' म्हणतं.

आहारात मी अमेरिकन पुस्तकांशी पूर्ण सहमत नाही. त्यांचा भर जवळजवळ सगळं वनस्पतीजन्य खाण्यावर आहे. मांसाने ताट भरलेल्या देशात ते योग्यच. इथला कामगार आधीच भात, चहा, चहात बुडवायचे कडक बटर आणि वडापावावर जगतो. त्याच्या ताटात प्रथिनं वाढवायची आहेत. म्हणून मोड आलेली मटकी, डाळ, मूठभर शेंगदाणे, ताक, परवडेल आणि चालेल तर अंडं. रविवारचा पांढरा रस्सा आम्ही कुणाचा काढून घेतलेला नाही, भाकरीच्या जागी येणारा भाताचा डोंगर तेवढा खाली आणतो. जैन आणि लिंगायत घरांतून येणारे शाकाहारी पेशंट वर्षानुवर्षं मेटफॉर्मिनवर असतील तर त्यांचं बी-१२ न चुकता बघतो. पायाच्या मुंग्यांना सगळे शुगरच समजतात, पण कित्येकदा बी-१२ची कमतरता हेही कारण असतं.

'शुगर रिव्हर्स' हे शब्द आमच्या पाटीवर नाहीत. मधुमेह मागे हटू शकतो हे खरं आहे. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासात वर्षभरात ४६ टक्के लोक औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली आले. पण ते मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतले लोक होते, वजन खूप उतरवलेले, डॉक्टरी देखरेखीखाली. दोन वर्षांनी आकडा ३६ वर आला. आणि एक धोका जाहिरातीत कुणी सांगत नाही: ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना एकदम जेवण कमी केलं तर शुगर इतकी उतरते की माणूस चालत्या मागावर कोसळू शकतो. खाणं बदललं की डोस त्याच आठवड्यात बघायला लागतो. आमच्याकडे डॉक्टर समोर बसलेला असतो त्याचं हे कारण.

मनाचं काम सर्वांत उशिरा सुरू झालं आणि आता सर्वांत जास्त वेळ तेच खातं. 'मनाच्या डॉक्टरकडे जा' म्हटलं की उत्तर यायचं, 'मी काय येडा हाय व्हय?' समुपदेशक ताई आल्यावर आम्ही त्यांची खोली वेगळी ठेवली नाही, टेप आणि बीपीच्या टेबलाशेजारीच खुर्ची टाकली. प्रत्येकाला नऊ प्रश्नांचा एक तक्ता विचारतात: गेल्या दोन आठवड्यांत कामात मन लागलं का, झोप, भूक, थकवा. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा. त्याला 'होय' आलं की बाकी सगळं बाजूला. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे, घरचं कुणी सोबत घेऊन. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत आहे, रात्री मागावरूनही लावता येतो. उदासीनतेच्या, म्हणजे डिप्रेशनच्या, गोळ्यांना आम्ही कधीच पर्याय सांगत नाही. जोड सांगतो. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये ६७ जणांवर झालेल्या 'स्माइल्स' अभ्यासात आहार सुधारणाऱ्या गटातले ३२ टक्के लोक बारा आठवड्यांत उदासीनतेतून बाहेर आले, नुसत्या गप्पा-सोबत मिळालेल्या गटातले ८ टक्के. अभ्यास छोटा आहे, पण डाळ-भाजीचा आणि मनाचा संबंध लोकांना पटवायला उपयोगी पडतो.

एक गोष्ट मात्र कुठल्या पुस्तकाने शिकवली नाही. मागांचा आवाज ९० डेसिबलच्या वर. वीस वर्षं त्यात काढली की ऐकू कमी येतं. माणूस घरी ओरडून बोलतो, बायकोला वाटतं रागावलाय, नातवंडं जवळ येत नाहीत, आणि तो हळूहळू बोलणंच सोडतो. नऊ प्रश्नांत त्याला बरेच गुण मिळतात, म्हणजे उदासीनता दिसते, आणि खरी गरज असते कान तपासायची. आता चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक कामगाराला आम्ही आधी कानाच्या डॉक्टरांकडे पाठवतो.

गटांचीही गंमत. मालक आणि त्याचाच कामगार एका सतरंजीवर बसले की दोघंही मुके. आता एका कारखान्याचे कामगार दुसऱ्या कारखान्याच्या गटात, आणि कापड व्यापाऱ्यांचा गट वेगळा, सकाळी सहाचा. व्यापारी पूर्ण वर्गणी भरतात, कामगारांची अर्धी कारखानदार भरतो. असं जमवत जमवत २०१९ च्या अखेरीस ताळेबंद पहिल्यांदा सरळ झाला, आणि तीन महिन्यांत लॉकडाऊन लागला. माग थांबले, बिहार-ओडिशाची माणसं गावी गेली. आम्ही फोनवर आलो. मधल्या काळात माझ्या सकाळच्या दवाखान्यानेच सगळ्यांचे पगार दिले, एवढंच सांगते.

सध्या सहा महिन्यांची वर्गणी साडेचार हजार आहे. कारखानदारांचं गणित आरोग्यापेक्षा हजेरीवर चालतं. रातपाळीला दांड्या कमी झाल्या, कापडातले डाग आणि तुटलेले धागे कमी झाले, की ते पुढच्या वर्षी स्वतः फोन करतात. मला त्यात काही गैर वाटत नाही.

यंदा एका सायझिंगवाल्याशी (सुताला खळ देणाऱ्या कारखानदाराशी) बोलणं चाललंय, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या करून बघायच्या, आणि पाळी दर आठवड्याऐवजी महिन्याने बदलायची. तो तयार आहे. अडलंय ते कामगारांकडे: आठ तासांत मजुरी कमी पडते, आणि घरभाडं, पोरांची फी काही आठ तासांची नसते. दर वाढवून द्यायचा तर बाजारात त्याचं कापड महाग. दिवाळीनंतर दोघांनाही पुन्हा शेडमध्ये बोलावलंय, या वेळी एकाच सतरंजीवर.